ऑप्टिकल ड्राइव्हची ओळख (ऑपरेटिंग सिस्टीममधील)

संगणकाला जोडलेला सीडी, डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे ड्राइव्ह कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवून, त्याला योग्य ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लावून, तो वापरण्यासाठी नाव किंवा अक्षर देण्याची प्रक्रिया. ड्राइव्ह ओळखणे आणि आतली डिस्क ओळखणे या दोन्हींना अनेकदा एकच मानले जाते. प्रस्तुत नोंदीत त्या वेगळ्या धरल्या आहेत, कारण डिस्क नसतानाही ड्राइव्ह ओळखला जातो आणि बिघाड शोधताना हाच भेद सर्वाधिक उपयोगी पडतो.

या प्रक्रियेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉस या विंडोजपूर्व ऑपरेटिंग सिस्टीमवर एमएससीडीईएक्स हा प्रोग्रॅम आला, तेव्हापासून तो धरण्याकडे काहींचा कल आहे. डॉसला सीडीची फाइलरचना समजत नसल्याने हा प्रोग्रॅम सीडी-रॉमला नेटवर्कवरील ड्राइव्हसारखा पुढे करी. मात्र कॉन्फिग.सिस या सुरुवातीच्या मांडणी-फाइलमध्ये ड्रायव्हरला दिलेले एमएससीडी००१ यासारखे नाव ऑटोएक्झेक.बॅट या सुरुवातीच्या आज्ञांच्या फाइलमध्ये जसेच्या तसे लिहावे लागे. एका अक्षराचा फरक पडला तरी ड्राइव्ह दिसत नसे. येथे ओळख माणूस पटवून देतो, यंत्र नव्हे. त्यामुळे घटकाने स्वतःचा प्रकार सांगण्याची पद्धत हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ती स्कझी या उपकरण-जोडणीच्या मानकात आधीपासून होती आणि १९९० च्या दशकात अटॅपी या मानकाने ती हार्ड डिस्क जोडण्याच्या स्वस्त आयडीई केबलवर आणली. पुढे आयडीईच्याच १९९८ च्या एटीए/अटॅपी-४ मानकात अटॅपीचा समावेश झाला.

अटॅपीतील तपशील लक्षणीय आहे. जुन्या बायोसने (संगणक सुरू होताना उपकरणे तपासणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) ऑप्टिकल ड्राइव्हला हार्ड डिस्क समजू नये म्हणून तो हार्ड डिस्कची ओळख-आज्ञा नाकारतो आणि सिलिंडरच्या दोन रजिस्टरांत (ड्राइव्हमधील छोट्या स्मृतिकप्प्यांत) षोडशमान पद्धतीतील १४ व ईबी ही खूण ठेवतो. ती दिसली की ऑपरेटिंग सिस्टीम पॅकेट-उपकरणासाठीची (आज्ञा पॅकेटच्या रूपात घेणाऱ्या उपकरणासाठीची) वेगळी ओळख-आज्ञा देते. त्यानंतरच्या स्कझी चौकशी-आज्ञेच्या उत्तरात प्रकार-क्रमांक ५ आला, म्हणजे ते सीडी किंवा डीव्हीडी उपकरण. हार्ड डिस्कसाठी तेथे ० येतो. यूएसबी ड्राइव्हबाबतही हीच चौकशी होते.

लिनक्समध्ये असा ड्राइव्ह सामान्यतः डेव्ह निर्देशिकेत एसआर० या नावाने येतो. जुन्या आयडीई ड्रायव्हरखाली एचडीसी यासारखी नावे असत. विंडोजमध्ये बायोसला ड्राइव्ह दिसतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ हा त्रुटी-क्रमांक येतो, तेव्हा रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणी-नोंदींच्या साठ्यातील) सीडी-रॉम वर्गाखालच्या अप्परफिल्टर्स व लोअरफिल्टर्स या नोंदी प्रथम पाहाव्यात. डिस्क लिहिणारे सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही त्याच्या फिल्टर-ड्रायव्हरचे (मूळ ड्रायव्हरच्या वर किंवा खाली बसणाऱ्या पूरक ड्रायव्हरचे) नाव तेथे उरू शकते. रजिस्ट्रीची प्रत राखून या नोंदी काढल्यावर आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ड्राइव्ह बहुधा परत दिसतो. त्या नोंदींवर अवलंबून असलेले सॉफ्टवेअर मात्र पुन्हा बसवावे लागू शकते. बायोसलाच ड्राइव्ह दिसत नसेल, तर दोष केबल, वीजजोडणी किंवा जुन्या आयडीई ड्राइव्हवरील मास्टर-स्लेव्ह जंपरमध्ये (एका केबलवरील दोन ड्राइव्हचा क्रम ठरवणाऱ्या छोट्या जोडपिनेत) शोधावा.

डिस्कची ओळख यानंतरची. १९८८ च्या आयएसओ ९६६० मानकानुसार डेटा-डिस्कचे पहिले १६ सेक्टर राखीव असतात. प्रत्येकी २,०४८ बाइटांचे हे सेक्टर ओलांडल्यावर येणाऱ्या वर्णनखंडात सीडी००१ ही पाच अक्षरे असतात. ऑडिओ सीडीवर अशी फाइलरचना नसते आणि कोऱ्या डिस्कवर काहीच लिहिलेले नसते, म्हणून त्या नेहमीच्या रीतीने माउंट होत नाहीत (फाइली वाचण्यासाठी जोडल्या जात नाहीत). ड्राइव्ह मात्र ओळखलेलाच असतो.