फासाच्या दोराखालचं हसू

सोमवारी सकाळी फासावर नेला जाणारा कैदी म्हणतो, "वा! आठवड्याची सुरुवात तर झकास झाली." मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने १९२७ च्या विनोदावरच्या निबंधात घेतलेलं हे उदाहरण. कैदी फाशी नाकारत नाही. दोर जागच्या जागीच आहे. त्याने फक्त बघायची जागा बदलली आणि तेवढ्यापुरता तो बळी न राहता प्रेक्षक झाला.

हे जमतं कधी? विनोदाचे अभ्यासक पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेलं उत्तर गुदगुल्यांवरून चटकन कळतं. स्वतःच स्वतःला केल्या तर काही होत नाही, कारण धोकाच नसतो. अनोळखी माणसाने केल्या तर नुसता धोकाच असतो. जवळच्याने केल्या की हल्ला आणि निर्धास्तपणा एकदम जाणवतात आणि हसू फुटतं. मृत्यू, आजार, आपत्ती यांवरच्या, म्हणजे काळ्या विनोदात हल्ला आयताच असतो. अडतं ते निर्धास्तपणापाशी. घडलेल्या गोष्टीपासून आपण थोडे दूर असलो की तो येतो.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ अमेरिकेला धडकलं, तेव्हा मॅकग्रॉच्या गटाने त्यावरचे विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवले. नुकसान कळू लागलं तसं हसू आटलं, ३६ व्या दिवशी सर्वांत जास्त आलं आणि ९९ व्या दिवसापर्यंत पुन्हा ओसरलं. (तो आकडा त्या वादळाचा, आपल्या दुःखाला लावून दिवस मोजत बसू नये.)

शरीराचंही काही काम आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांच्या प्रयोगांत मंडळी पोट धरून हसल्यावर त्यांच्या हाताला गोठवलेलं थंड वेष्टन लावलं, तर ते अधिक वेळ सोसवलं. खळखळून हसण्यात श्वास पुन्हा पुन्हा जोराने बाहेर फेकला जातो. त्या श्रमाने एंडॉर्फिन्स (वेदना कमी करणारी शरीरातलीच रसायनं) स्रवत असावीत, असं ते मानतात. ओठांवरच्या सभ्य हसण्याने ते होत नाही.

बिघडतं ते विनोदाचा नेम कुणावर धरला यावरून. २०१२ मध्ये सॅमसन आणि ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्लेशकारक छायाचित्रं दाखवून त्यांवर विनोद करायला सांगितलं. परिस्थितीकडे मायेने पाहणाऱ्या विनोदाने मन जास्त सावरलं, कुचेष्टेने कमी. म्हणून आजारावर, मशीनच्या पिपाणीवर, औषधांच्या ढिगावर हसावं, आजाऱ्यावर नाही. पहिला विनोद ज्याचं दुखतंय त्याने करावा, इतरांनी मागून यावं. आणि विनोदानंतर काय होतं ते बघावं: माणूस मोकळेपणी पुढे बोलू लागला तर ठीक, दरवेळी विषय तिथेच मिटत असेल, तर तो विनोद दाराला कडी लावतोय.