गिरणीत वर्ग भरतो तेव्हा

लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात १८५२ साली बांधलेलं धान्याचं सहा मजली कोठार आहे. २०११पासून तिथं सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय भरतं. वर्ग भरू लागलेल्या अशा जुन्या कोठारांचे, गिरण्यांचे फोटो पाहून लोक विटांवर, बिडाच्या खांबांवर, उंच छतांवर फिदा होतात. मला आधी प्रश्न पडतो तो मागच्या बाकाचा: तिथं ऐकू येईल का? जुन्या गिरण्या बांधणाऱ्यांना ही काळजीच नव्हती. मागांच्या खडखडाटात कामगार खाणाखुणांनीच बोलत.

वीट, लोखंड, काच आवाज फारसा शोषत नाहीत, परतवतात. बोलण्यात स्वर जोरकस, व्यंजनं दुबळी. ‘पाट’मधला ‘आ’ रेंगाळतो आणि ‘ट’ त्याखाली दबतो. मग पाट, पाठ, पात सगळं सारखंच. बाईंनी आवाज चढवला तर घुमणंही तेवढंच चढतं.

१८९५मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं नवंकोरं व्याख्यानगृह याच दुखण्यानं निकामी ठरलं. शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं रात्री-अपरात्री दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात:

घुमण्याचा काळ = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण

काळ सेकंदांत, आवाजाची ऊर्जा दहा लाखांश होईपर्यंतचा. शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या चौरस मीटरांत, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. किती साधी युक्ती!

समजा, गिरणीचं दालन ३० × २० × ६ मीटर. घनफळ ३,६०० घनमीटर. भिंती, जमीन, छत मिळून १,८०० चौरस मीटर. सरासरी शोषण ५ टक्के धरलं तर ९० चौरस मीटर ‘खिडकी’, म्हणजे ६.४ सेकंद. वर्गात हवेत ०.६ ते ०.८. सगळ्या छताला ८० टक्के शोषणारे खनिज लोकरीचे (दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंचे) फलक लावले की शोषण ५४० होतं आणि काळ १.१ सेकंदांवर येतो. उरलेलं काम दालनाचे छोटे वर्ग पाडून आणि मुलं बसली की होतं.

अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला मात्र विसरा. ते वरच्या पट्टीतले आवाज थोडेफार शोषतात. १२५ हर्ट्झच्या, म्हणजे खर्जातल्या, लाटेची लांबी पावणेतीन मीटर, तिच्यापुढे पुठ्ठ्याची काय कथा! शिवाय पुठ्ठा पेट घेतो.

वारसा जपणाऱ्यांना छत झाकलेलं खपत नाही. तिथं फलक तुळयांच्या मधे उभे टांगतात. दोन्ही बाजूंनी आवाज शोषला जातो आणि तुळयाही दिसत राहतात.