व्हिडिओ गेममधील वास्तवता

गेममधले दृश्य, हालचाल, आवाज आणि नियम प्रत्यक्ष जगाशी किती आणि कोणत्या बाबतीत जुळतात, याला गेममधील वास्तवता म्हणतात. दिसण्यातली (चित्र) आणि वागण्यातली (हालचालीचे नियम) असे तिचे दोन भाग सामान्यतः मानले जातात. माध्यम-अभ्यासक अलेक्झांडर गॅलोवे यांनी २००४ मध्ये त्यांच्यापलीकडचा, सामाजिक वास्तवतेचा मुद्दा मांडला. कोणताही गेम प्रत्यक्षाचा थोडाच भाग उचलतो. काय उचलले आणि काय सोडले, यावर त्याचा प्रकार ठरतो.

उगम : वास्तवतेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार तो १९५८ मधला. त्या वर्षी अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेत दाखवणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर) ‘टेनिस फॉर टू’ हा खेळ मांडला. चेंडूचा मार्ग ॲनालॉग संगणक गुरुत्वाकर्षण धरून काढत असे. मात्र त्यात व्हिडिओ संकेतच नव्हता, म्हणून त्याला व्हिडिओ गेम म्हणावे का, हा आक्षेप उरतो. दुसरे मत ‘स्पेसवॉर’पासून (सुमारे १९६१-६२) सुरुवात धरते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील पीडीपी-१ संगणकासाठी स्टीव्ह रसेल व सहकाऱ्यांनी तो लिहिला. डॅन एडवर्ड्स यांनी पडद्याच्या मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिले. पीटर सॅमसन यांनी मागे खऱ्या आकाशाचा नकाशा बसवला. त्यात ताऱ्यांच्या तेजातला फरकही दाखवला होता. टॉर्पेडो मात्र गुरुत्वाकर्षणाला दाद देत नसत, कारण तेवढी आकडेमोड यंत्राला झेपत नव्हती. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दिसणे, वागणे आणि जाणूनबुजून केलेली काटछाट, तिन्ही गोष्टी तेथे प्रथमच एकत्र आढळतात.

काटछाटीचे प्रमाण : ‘मायनक्राफ्ट’मधला दिवस २० मिनिटांचा असतो. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या अंतराळयानांच्या गेममधील कर्बिन या काल्पनिक ग्रहाची त्रिज्या ६०० किमी, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे, पृष्ठभागावरचे गुरुत्व मात्र पृथ्वीइतकेच. त्यामुळे कक्षेत जायला सेकंदाला सुमारे २.३ किमी वेग पुरतो. पृथ्वीभोवती तो ७.८ किमी लागतो. कक्षेचे गणित तेच राहते, प्रवास आटोपशीर होतो. पात्राची उडी हेही असेच उदाहरण. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात २ मीटर उंच उडी घेऊन परत जमिनीवर यायला सुमारे १.२८ सेकंद लागतात. खेळताना ते तरंगल्यासारखे वाटते, म्हणून अनेक गेममध्ये पात्रापुरते गुरुत्वाकर्षण वाढवतात.

वेळेचे टप्पे : वागण्यातली वास्तवता बिघडते ती बहुधा येथे. भौतिकीचा हिशेब सलग चालत नाही, टप्प्याटप्प्याने होतो. सेकंदाला ६० टप्पे धरले, तर एक टप्पा १६.७ मिलिसेकंदांचा. सेकंदाला ९०० मीटर वेगाची गोळी तेवढ्यात १५ मीटर पुढे जाते. मधली २० सेंमी जाडीची भिंत दोन टप्प्यांच्या दरम्यान राहते आणि टक्कर नोंदलीच जात नाही. म्हणून गोळीची जुनी आणि नवी जागा जोडणारा किरण (काल्पनिक सरळ रेषा) टाकून त्यावर काय येते ते तपासतात. गाडीच्या चाकाची अडचण वेगळी. चाकाचे वस्तुमान २५ किलो आणि टायरचा ताठरपणा मीटरला २ लाख न्यूटन धरला, तर प्रचलित अर्ध-अव्यक्त ऑयलर पद्धतीत (आधी नवा वेग, मग त्यावरून नवी जागा काढण्याच्या पद्धतीत) टप्पा सुमारे २२ मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. सेकंदाला ३० टप्पे ठेवले, म्हणजे ३३ मिलिसेकंदांचा टप्पा झाला, की प्रत्येक हिशेबात धक्का वाढत जातो आणि गाडी हवेत भिरकावली जाते.

यावर उपाय म्हणजे भौतिकीचा टप्पा चित्राच्या गतीपासून वेगळा, ठरलेला ठेवणे. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये (इंजिनात) तो मुळात ०.०२ सेकंदांचा असतो. मात्र यंत्र मंदावले, की एका चित्रामागे अनेक टप्पे साचतात आणि ते उरकताना यंत्र आणखी मंदावते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा मोबाइल तापून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि हा प्रकार हमखास दिसतो. मोबाइलसाठीच्या गेममध्ये साचणाऱ्या टप्प्यांना कमाल मर्यादा घालावीच. मग खेळ संथ होतो, पण कोलमडत नाही.

प्रकाश आणि पृष्ठभाग : २०१२ नंतर पृष्ठभागाची वर्णने प्रकाशाच्या भौतिक नियमांवर बसवण्याची पद्धत रुळली. कोरडी काळी कापसाची जमीन पडलेल्या प्रकाशाचा साधारण दहावा भाग परत फेकते. रंगाचा आकडा ० ते २५५ असा देतात, म्हणून नवखा चित्रकार २५५ चा दहावा भाग म्हणजे २५ देतो. पण साठवलेले आकडे रेषीय नसतात, म्हणजे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे तो प्रत्यक्षात जेमतेम १ टक्का ठरतो आणि माती कोळशाहून काळी दिसते. योग्य आकडा ८९ च्या आसपास आहे. ओल्या मातीला तो आणखी कमी ठेवून चकाकी वाढवावी लागते. केळीच्या पानातून प्रकाश आरपार येतो. पानाला दोन्ही बाजू आणि पारगम्यतेचा वेगळा नकाशा दिला नाही, तर रावेर-यावलकडची बाग प्लॅस्टिकची वाटते. पानांच्या चिरा पारदर्शक चित्राने दाखवल्या, तर एकच बिंदू अनेकदा रंगवला जातो आणि मोबाइल दमतो. त्यापेक्षा पानाचा आकार घडवणारी त्रिकोणांची जाळीच चिरांनुसार कापलेली बरी.

खऱ्या वास्तूचे छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिरूप करताना प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोशी किमान ७० टक्के जुळता हवा, म्हणजे तेवढा भाग दोन्हींत यायला हवा. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) पक्के करून ठेवावेत. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यासारख्या ठिकाणी भर उन्हात काढलेल्या फोटोंतली सावली दगडाच्या रंगातच मुरते. मग गेममध्ये सूर्य फिरला तरी ती हलत नाही. ढगाळ पण कोरडा दिवस उत्तम, कारण ओला दगड चकाकतो आणि चकाकी कोनागणिक सरकते. वाऱ्याने डोलणारे गवत नीट उतरत नाही. ते वेगळे करावे लागते. एक मीटरची पट्टी चौकटीत ठेवली, की माप पक्के होते.

ध्वनी : अंतरानुसार घट, भिंतींचा प्रतिध्वनी आणि दोन कानांमधला फरक या मुख्य बाबी.

सामाजिक वास्तवता : गॅलोवे यांच्या मते चित्र हुबेहूब असणे पुरेसे नाही, गेम आणि खेळणाऱ्याचे जगणे यांत मेळ हवा. उदाहरणार्थ, शेतीच्या ‘फार्मिंग सिम्युलेटर १९’ या गेममध्ये (२०१८) कापूस आला. तेथे यंत्र शेतावरून फिरते आणि बोंडे एकदाच काढली जातात. खान्देशात कापूस हाताने वेचतात, तोही बोंडे फुटतील तसा, दोन-तीन वेचण्यांत. मजूर मिळणे आणि किलोमागे वेचणीचा दर हाच तेथला खरा पेच. गेमच्या यंत्राचे पाते-चाक अचूक आहे, तरीही चोपडा-अमळनेरच्या शेतकऱ्याला ते शेत परके वाटेल. वेचणीचे दिवस, मजुरी, ओल लागून घटणारा भाव आणि व्यापाऱ्याचा काटा एवढे नियम साध्या द्विमितीय गेममध्ये घातले, तरी या निकषावर तो अधिक वास्तव ठरतो. मजुरांच्या तोंडी अहिराणी असली, तर मेळ आणखी जमतो.