कार-रोबोटच्या बिझनेस टॉकमधून इंग्रजी शब्द शिकणं

गाड्या बनवणाऱ्या किंवा फॅक्टरीत रोबोट लावणाऱ्या कंपन्यांची धंद्याची बोलणी, म्हणजे तिमाही निकालानंतरचा कॉल (कंपनीचे साहेब फोनवर गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना उत्तरं देतात तो), नवीन प्लँटचं प्रेझेंटेशन, गुंतवणूकदारांपुढचं भाषण, असलं ऐकत ऐकत त्यातले इंग्रजी शब्द उचलायची ही पद्धत. कामापुरती भाषा शिकवण्याच्या शाखेला इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस म्हणतात, त्यातच ही बसते, आणि एकाच विषयावरचं परत परत ऐकण्याला स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने नॅरो लिसनिंग असं नाव दिलंय. फायदा अगदी साधा आहे, तीच कंपनी दर तीन महिन्यांनी तेच रडगाणं गाते, मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा), व्हॉल्यूम, कपॅसिटी, रॅम्प अप (उत्पादन हळूहळू वाढवत नेणं), त्यामुळे तीन-चार कॉल ऐकले की बरेच शब्द पाठ न करताच ओळखीचे होतात.

तसं बघितलं तर मराठी माणसाकडे यातला निम्मा माल आधीच असतो. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर कुठेही जा, जॉब, शिफ्ट, लाइन, रिजेक्शन, ब्रेकडाऊन हे शब्द मराठीच असल्यासारखे बोलले जातात. अडतं ते नवीन शब्दांपाशी नाही, तर ओळखीचा शब्द भलत्याच अर्थाने समोर येतो तिथे. बॅकलॉग घ्या. इंजिनिअरिंगच्या पोराला बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय, घरी सांगायची चोरी. आणि इकडे कॉलवर कंपनीचा साहेब ऑर्डर बॅकलॉग वाढल्याचं खुशीत सांगतोय, कारण तिथे त्याचा अर्थ हातात आलेल्या पण अजून पुऱ्या न केलेल्या ऑर्डरी. गायडन्स म्हणजे मार्गदर्शन नाही, पुढे विक्री-नफा साधारण किती होईल याचा कंपनीनेच दिलेला अंदाज. अ‍ॅनालिस्ट, म्हणजे कंपनीच्या शेअरचा अभ्यास करणारा, एखाद्या आकड्यावर थोडा कलर द्या म्हणतो तेव्हा त्याला रंग नको असतो, जरा खुलासा हवा असतो. हेडविंड म्हणजे समोरून येणारा वारा, कच्चा माल महागला की हा शब्द आलाच समजा, आणि वारा पाठीमागून असेल तर टेलविंड. मार्जिन 50 बेसिस पॉइंटने घसरलं म्हणजे अर्धा टक्का, कारण एक बेसिस पॉइंट हा टक्क्याचा शंभरावा भाग (पहिल्यांदा ऐकताना 50 टक्के वाटून दचकायला होतं). रिकॉल म्हणजे शाळेत शिकलो तसं आठवणं नाही, दोष सापडला म्हणून विकलेल्या गाड्या परत बोलावणं.

रोबोटकडचे शब्द अजून मजेशीर. रोबोट हा शब्दच मुळात इंग्रजी नाही, कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 च्या आर. यू. आर. या नाटकातून तो जगभर गेला, शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने, आणि चेकमध्ये रोबोटा म्हणजे चक्क वेठबिगारी. आपण त्याला यंत्रमानव केलं, पण फॅक्टरीतल्या रोबोटात मानव काही नसतो, एक लांब हात असतो बस. 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या प्लँटमध्ये युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला तोही हातच, डाय कास्टिंगचे, म्हणजे साच्यात वितळलेला धातू भरून बनवलेले, तापलेले जॉब (सुटे भाग) उचलायचा. हा हात किती वजन उचलतो ते पेलोड, किती प्रकारे हलू-वळू शकतो ते डिग्रीज ऑफ फ्रीडम (कॉलेजच्या डिग्रीशी काही संबंध नाही), टोकाला बसवलेला पंजा म्हणजे ग्रिपर. त्याला हालचाली शिकवायच्या हातातल्या कंट्रोलला टीच पेंडंट म्हणतात, गळ्यातलं पेंडंट आणि हे पेंडंट दोन्ही मुळात लटकणारी वस्तूच. माणसाच्या शेजारी जाळी न लावता काम करणारा तो कोबॉट, बजाज ऑटोच्या चाकण प्लँटमध्ये असे लावलेत. आणि लाइट्स आऊट फॅक्टरी ऐकून लाइट गेली असं समजू नका, आत माणूसच नसल्याने दिवे लावायची गरज नाही अशी फॅक्टरी ती.

कार, रोबोट आणि बिझनेस तिन्ही एका जागी हवं असेल तर टेस्लाचा 2 मे 2018 चा निकालाचा कॉल ऐकावा. मॉडेल 3 या गाडीचं उत्पादन तेव्हा अडकलं होतं, त्याआधी एप्रिलमध्येच टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्कने ट्विट करून मान्य केलं होतं की अति ऑटोमेशन ही आपली चूक झाली आणि माणसं अंडररेटेड आहेत, म्हणजे लायकीपेक्षा कमी भाव मिळालेली. रेट शब्द आपल्याला भाजीबाजारापासून माहीत, इथे तो माणसाला लागतो. कॉलमध्ये मस्क फ्लफ बॉटची गोष्ट सांगतो. बॅटरी पॅकवर ठेवायचा फायबरग्लासचा मऊ थर उचलायला रोबोट लावला होता आणि रोबोटला नेमकं तेच जमेना, माणसाच्या हाताला मात्र सहज जमतं. फ्लफ म्हणजे पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी भुसभुशीत, आणि बोलण्यातलं फ्लफ म्हणजे नुसता पाल्हाळ. एकदा तो चिमटीतून निसटणारा थर डोळ्यासमोर आला की डिक्शनरी लागत नाही. याच कॉलमध्ये भांडवल किती लागेल या सरळ प्रश्नाला मस्कने बोनहेड म्हणजे मठ्ठ म्हणून उडवून लावलं, पुढच्या प्रश्नाला ड्राय म्हणजे रुक्ष म्हटलं, दुसऱ्या दिवशी शेअर आपटला. चार शब्द शिकायला मिळाले, पण बोनहेड आपण मीटिंगमध्ये वापरायचा नाही, एवढं तारतम्य पाहिजे.

साहित्य फुकट मिळतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमामुळे आपल्याकडच्या मोठ्या लिस्टेड (शेअर बाजारात नोंदवलेल्या) कंपन्यांना कॉलचं रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट (बोलण्याची शब्दशः लेखी प्रत) दोन्ही जाहीर करावं लागतं, सुरुवात तिथूनच केलेली बरी, उच्चार आपल्या ओळखीचे आणि आकडे लाख-कोटीत. आधी दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, मग ट्रान्सक्रिप्ट समोर धरून परत तेच. शब्द एकटा लिहून ठेवू नये, आख्खं वाक्य लिहावं, नाहीतर रॅम्प वहीत सापडतो आणि त्याच्यापुढचा अप विसरला जातो. सुरुवातीचं लिहून आणलेलं भाषण मला तरी बेचव वाटतं, खरी भाषा नंतरच्या सवाल-जवाबात ऐकू येते, जिथे साहेब अडखळतो, विषय बदलतो, आकडा द्यायचं टाळतो.

गॅरेजमधल्या इंग्रजीवर मात्र फार विसंबू नये. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या कंपनीवरून आला, 1904 च्या सुमाराला ती जादा चाक विकायची, आणि तो आपल्याकडे टिकून राहिला. पण अमेरिकन माणसाला स्टेपनी डिकीत आहे सांगितलं तर त्याला दोन्ही शब्द कळणार नाहीत, त्याच्याकडे स्पेअर टायर ट्रंकमध्ये असतो आणि ब्रिटिश माणसाकडे स्पेअर व्हील बूटमध्ये.