गृहमंत्र्यांच्या टेबलावरचा अहवाल: यशवंतराव चव्हाण आणि सीमाभाग

बेळगावात 1 नोव्हेंबर हा काळा दिन. दंडाला काळ्या फिती बांधून माणसं सायकल फेरीत सामील होतात, मराठी गल्ल्यांतली दुकानं बंद असतात. हा दिवस 1956 सालचा. राज्य पुनर्रचनेत बेळगाव, कारवार, निपाणी, खानापूर हा सगळा पट्टा जुन्या मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला, तो दिवस. आणि नेमक्या त्याच दिवशी मुंबईत 43 वर्षांचे यशवंतराव चव्हाण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीची चढण आणि आमचं दुखणं एकाच तारखेला सुरू झालं. त्यामुळे इथल्या मराठी माणसाच्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे आणि सलही आहे.

यशवंतराव देवराष्ट्र्याचे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. जन्म 12 मार्च 1913. वडील लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी वाढवलं. कऱ्हाडच्या शाळेत असतानाच चळवळीत पडले आणि 1932 साली 18 महिन्यांची शिक्षा भोगली. पुढे पुण्याला वकिली शिकले, 1942 ला भूमिगत झाले, 1946 ला आमदार आणि 1952 ला मंत्री. म्हणजे पुनर्रचनेआधीची चार वर्षं ते ज्या राज्याचे मंत्री होते, त्याच राज्यात बेळगाव होतं. बेळगाव त्यांना परकं नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राची मागणी तर बेळगावातूनच घुमली होती. मे 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन भरलं आणि त्यात मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव झाला. दहाच वर्षांनी, जानेवारी 1956 मध्ये, पुनर्रचनेचा निर्णय ऐकून लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसं गेली. 17 जानेवारीला आम्ही हुतात्मा दिन पाळतो. त्याच्या महिना-दीड महिना आधी, डिसेंबर 1955 मध्ये, फलटणच्या सभेत यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंची निवड करू, अशी भूमिका घेतली होती. ती इथल्या जुन्या माणसांच्या जिव्हारी लागली. माझ्या मते ते शब्द चुकीचे होते, आणि त्यांची किंमत यशवंतरावांनाही मोजावी लागली. 1957 च्या निवडणुकीत कऱ्हाडची जागा त्यांनी मोठ्या कष्टाने राखली.

पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. जून 1957 मध्ये त्यांच्या सरकारने केंद्राला निवेदन दिलं. 814 खेडी आणि बेळगाव, निपाणी, कारवार ही तीन शहरं मागितली. मागणी नुसती भावनेवर उभी नव्हती. खेडं हा घटक धरायचा, सलगता बघायची, मराठी भाषकांचं प्रमाण बघायचं आणि लोकांची इच्छा विचारात घ्यायची, असं तिचं सूत्र होतं. पुनर्रचनेने जिल्हा हा घटक धरला होता, तरी बेळगाव जिल्ह्यातलाच चंदगड तालुका मुंबई राज्यात ठेवला होता. एक तालुका वेगळा काढता येतो, तर लगतची गावं का नाहीत? हा प्रश्न आजही तितकाच रास्त आहे. आंध्र आणि मद्रासच्या सीमेचा वाद मध्यस्थ ह. वि. पाटसकरांनी खेडं धरूनच मिटवला होता.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. दिल्लीचं मन वळवण्यात यशवंतरावांचा वाटा मोठा, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. पण त्या राज्यात आम्ही नव्हतो. त्याच वर्षी दोन्ही राज्यांचे दोन-दोन प्रतिनिधी घेऊन चौघांची समिती बसली, पण एकमत झालं नाही. 1962 ला चीनचं युद्ध आलं, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सीमाप्रश्न मागे पडला.

1966 मध्ये वयोवृद्ध सेनापती बापटांनी या प्रश्नासाठी उपोषण केलं. ऑक्टोबरमध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. तीनच आठवड्यांनी यशवंतराव केंद्रीय गृहमंत्री झाले, आणि ऑगस्ट 1967 मध्ये आयोगाचा अहवाल आला तो त्यांच्याच खात्याकडे. निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला, 247 गावं म्हैसूरला, आणि बेळगाव शहर जिथे आहे तिथेच. ज्या माणसाच्या सरकारने दहा वर्षांपूर्वी बेळगाव मागितलं होतं, त्याच्याच टेबलावर बेळगाव नाकारणारा कागद आला.

महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, म्हैसूरने तसाच अमलात आणा म्हणून धरून ठेवलं. फेब्रुवारी 1969 मध्ये या प्रश्नावर मुंबई पेटली, गोळीबारात माणसं मेली. जून 1970 पर्यंत गृहखातं यशवंतरावांकडे होतं, पण निकाल काही लागला नाही. गृहमंत्री मराठी असल्यामुळेच त्यांचे हात बांधलेले होते, असं मला वाटतं. त्यांनी महाराष्ट्राच्या बाजूने एक पाऊल टाकलं असतं, तरी पक्षपाताचा आरोप झाला असता. मात्र अहवाल लादलाही गेला नाही, आणि म्हणूनच दावा जिवंत राहिला. सायकल फेरीत पिढ्या गेल्या, त्यांना हा दिलासा पुरत नाही, हेही तितकंच खरं.

पुढे ते अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि 1979 ला उपपंतप्रधान झाले. 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा पायाही खेडं, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा हाच आहे, 1957 च्या निवेदनातला.