बाळाची भूल: भीती नेमकी आली कुठून?

परवा सदाशिव पेठेतून एक आजी चार महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं. फाईल माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "अहो डॉक्टर, पूर्ण झोपवायलाच हवं का? कमरेत सुई टोचून नाही का भागणार? मेंदूवर परिणाम होतो म्हणतात."

आजींचा प्रश्न बिनबुडाचा नाही. पण या भीतीच्या आधी बरोबर उलटी चूक झाली होती. १९८०च्या दशकापर्यंत अनेक नवजात बाळांवर अगदी जुजबी भुलीत शस्त्रक्रिया होत. स्नायू ढिले करणारं औषध मिळे, वेदनाशामक मिळेलच असं नसे. एवढ्याशा जिवाला काय कळतंय, असा समज! १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी दाखवलं की, हृदयाच्या शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण बराच कमी राहतो. मग लहानग्यांना पुरेशी भूल मिळू लागली.

ती रुळतेय तोवर उंदरांची पिल्लं आडवी आली. १९९९ मध्ये केटामाइन या भुलीच्या औषधाच्या जातीच्या औषधांनी सात दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी मरताना दिसल्या. २००३ मध्ये मिडाझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन अशी भुलीची तिन्ही औषधं मिळून सहा तास दिली, तेव्हा पिल्लं मोठेपणीही शिकण्यात मागे पडली. या वयात पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात. ज्यांच्यातली ये-जा औषधाने बंद पडते, त्यातल्या काही स्वतःलाच संपवतात. मात्र पिल्लाचे सहा तास आणि बाळाचे सहा तास एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे बातम्यांतून हमखास गळतं.

डिसेंबर २०१६ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, इशारा दिला: तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांबलेली किंवा पुन्हा पुन्हा दिलेली भूल मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकते. व्हॉट्सॲपवर फिरताना त्यातले तीन तास कुठेतरी पडले.

आणि आजींचा प्रश्न? तो सात देशांतल्या २८ रुग्णालयांनी ७२२ बाळांवर तपासलाय, तोही हर्नियाच्याच. काहींना सेव्होफ्लुरेनने झोपवलं, काहींची फक्त कंबरेखालची बाजू बधिर केली. भूल साधारण तासाभराची. पाचव्या वर्षी दोन्ही गटांचा बुद्ध्यांक ९९च्या आसपास. निकाल आला २०१९ मध्ये.

वारंवार भूल लागणाऱ्या मुलांचं चित्र इतकं स्वच्छ नाही. २०१८च्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात त्यांचाही बुद्ध्यांक घसरला नव्हता, पण विचारांचा वेग आणि बोटांची सफाई किंचित कमी भरली. मूळ आजारामुळे की औषधामुळे, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. म्हणून एमआरआय आणि एखादी छोटी प्रक्रिया एकाच भुलीत उरकता येते का, ते आम्ही आधी पाहतो.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बरं, दूध किती वाजता बंद करायचं?"