सायलेन्सर बदललेल्या गाड्या, रात्रीचे हॉर्न: गोव्यात तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदांसह करायची

पणजीतले सांतिनेज, म्हापशातले खोर्ली किंवा मडगावातले आके, कुठेही जा. रात्री साडेदहानंतर सायलेन्सर बदललेली एखादी मोटारसायकल गल्लीतून गेली की पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत सगळे घर जागे होते. सकाळी त्याची चर्चा होते आणि 'तक्रार करून काय होणार?' या वाक्यावर ती संपते. तक्रार करून होते. पण ती योग्य कार्यालयात आणि योग्य शब्दांत जायला हवी. 'आमच्या भागात वाहनांचा फार त्रास आहे, कृपया कारवाई करावी' एवढ्याच मजकुराच्या अर्जावर अधिकारी मनात असूनही काही करू शकत नाही, कारण त्यात गाडी नसते, वेळ नसते आणि कोणता नियम मोडला तेही नसते.

आधी आवाज कसला ते ठरवा

वाहनांचा आवाज तीन प्रकारचा असतो: सायलेन्सरमध्ये फेरफार केलेल्या गाडीचा, विनाकारण वाजणाऱ्या हॉर्नचा, आणि रस्त्यावरच्या एकूण वर्दळीचा. पहिले दोन वाहतूक पोलीस आणि वाहतूक खात्याच्या अखत्यारीत येतात. तिसरा जिल्हाधिकारी कार्यालय आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. तिन्ही एकाच अर्जात कोंबले की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. म्हणून प्रत्येकासाठी वेगळा अर्ज करा.

सायलेन्सरच्या तक्रारीला डेसिबलची गरज नाही

बहुतेक लोक इथेच अडतात. मोबाईलवर आवाज मोजणारे ॲप घेतात, ९० आकडा दिसतो, तो अर्जात लिहितात, आणि मोबाईलचे माप ग्राह्य नाही असे उत्तर येते. ते उत्तर बरोबर असते. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारसायकलींना आवाजाची मर्यादा आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८०. पण ते माप चाचणीच्या मैदानावर, ठरलेल्या अंतरावरून आणि ठरलेल्या वेगात घेतात. तुमच्या गॅलरीतला आकडा त्याच्याशी ताडून बघता येत नाही.

आकड्याशिवाय चालणारी कलमे मात्र कायद्यात आहेत. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम १८२ए(४) नुसार परवानगी नसलेला बदल गाडीत करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. धूर सायलेन्सरमधून न जाता परस्पर बाहेर सोडणारी 'कट-आऊट' लावून गाडी चालवणाऱ्याला कलम १९४एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. कलम १९०(२) सर्वांत कडक आहे. आवाजाचे निकष मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणे किंवा दुसऱ्याला चालवू देणे, या दोन्हींसाठी पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्रता. शिवाय प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच, असे केंद्रीय मोटर वाहन नियमांतला नियम १२० सांगतो.

थोडक्यात, गाडी किती डेसिबल ओरडते हे तुम्ही सिद्ध करायचे नाही. तिचा सायलेन्सर मूळचा नाही, एवढे दाखवायचे आहे, आणि ते गाडी उभी असतानाच्या फोटोत दिसते. कंपनीचा सायलेन्सर लांब असतो, आतल्या कप्प्यांमुळे जड असतो, आणि त्यावर कंपनीची खूण असते. बाहेरून बसवलेला बहुधा आखूड असतो, तोंड रुंद असते, आणि त्या तोंडात एका बोल्टवर बसणारी छोटी नळी असते. मोटारसायकलवाले तिला 'डीबी किलर' म्हणतात. ती काढली की गाडी गर्जते आणि बसवली की बरीच गप्प होते. पोलिसांनी बोलावल्यावर ती बसवून गाडी नेण्याची चलाखी अनेक जण करतात. म्हणून फोटो एकाच दिवशी न काढता वेगवेगळ्या दिवशी काढा, आणि एक फोटो मागून, सायलेन्सरचे तोंड आणि नंबर प्लेट दोन्ही दिसतील असा घ्या. अर्जात 'सायलेन्सर मूळ नाही' असे लिहा. 'आतली नळी काढली आहे' असे लिहू नका, कारण तपासणीच्या वेळी ती जागेवर असेल.

चालत्या गाडीतून बंदुकीसारखे बार निघतात, त्यांना आपल्याकडे फटाके म्हणतात. इंजिनाचे बटण चालत्या गाडीत बंद-चालू केले की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पोहोचून पेटते, त्याचा तो आवाज. हा प्रकार व्हिडिओत नीट येतो, म्हणून त्याचा व्हिडिओ हवाच.

हॉर्न

रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायला बंदी आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये २०१० साली घातलेला नियम ५ए तसे सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालातही रात्रीच्या हॉर्नवर निर्बंध घातले होते. दिवसा गरज नसताना सतत हॉर्न वाजवला तरी कलम १९४एफ लागते, दंड वर दिला तोच. अनेक सुरांचे आणि कर्कश हॉर्न केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या नियम ११९ खाली मुळातच बेकायदा आहेत. बस आणि ट्रकबाबत अर्ज करताना हा नियम लिहा.

अर्ज कोण करू शकतो

कोणीही. घर स्वतःचे असण्याची अट नाही. भाडेकरू, वसतिगृहातली मुलगी, दुकानदार, कोणालाही तक्रार देता येते. शुल्क नाही, स्टँप पेपर नाही, प्रतिज्ञापत्र नाही, वकीलही लागत नाही. एखाद्या कार्यालयात प्रतिज्ञापत्र मागितलेच तर 'कोणत्या नियमाखाली ते लेखी द्या' असे नम्रपणे सांगा.

अर्ज मराठीत दिला तरी चालतो. गोव्याची राजभाषा कोकणी असली तरी १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीच्या शासकीय वापराला जागा दिली आहे. कलमांचे क्रमांक आणि गाडीचा नंबर तेवढा स्पष्ट, ठळक लिहा.

सोबत काय जोडायचे

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नोंदवही. साधी शाळकरी वही घ्या आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, रस्ता, गाडी कोणत्या दिशेने गेली, नंबर आणि आवाजाचा प्रकार लिहा. दोन आठवड्यांची अशी नोंद असली की गाडी बहुधा ठरावीक वेळेलाच येते हे दिसते, आणि पोलिसांना नाका नेमका कधी लावायचा ते कळते. या पानांची झेरॉक्स अर्जाला जोडा, मूळ वही स्वतःकडे ठेवा.

त्याखेरीज फोटो, व्हिडिओ असलेला पेनड्राइव्ह, स्वतःच्या ओळखपत्राची प्रत, आणि जागा नेमकी कळावी म्हणून हाताने काढलेला लहान नकाशा. घरात रुग्ण असेल तर डॉक्टरांचे पत्र जोडा. बंधन नाही, पण वजन पडते. सहीपत्रक असेल तर प्रत्येक सहीपुढे घरक्रमांक असू द्या. व्हिडिओ स्वतःच्या आवारातून घ्या, सुरुवातीला तारीख आणि वेळ तोंडाने बोला, आणि मूळ फाईल पुसू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत चित्रीकरणाचा बराचसा तपशील गळून जातो. गाडीचा पाठलाग करू नका, रस्त्यात अडवू नका आणि नंबर समाजमाध्यमांवर टाकू नका.

अर्ज कुठे द्यायचा

प्रकार आत्ता, या क्षणी चालू असेल, पोरे शर्यत लावत असतील, तर ११२ वर फोन करा. लेखी अर्ज आपल्या भागातल्या वाहतूक पोलीस कक्षाच्या निरीक्षकांकडे द्या आणि एक प्रत वाहतूक खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयातल्या सहायक संचालकांना द्या. ही दुसरी प्रत लोक विसरतात. पोलीस दंड करतात, पण गाडी नियमात नसेल तर मालकाला बाजू मांडायची संधी देऊन कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला आहे. दंड भरून पुन्हा तोच सायलेन्सर लावणारा माणूस नोंदणी अडकल्यावर मूळ सायलेन्सर शोधायला लागतो. दोन्हीकडे तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा:

प्रति, मा. पोलीस निरीक्षक, वाहतूक कक्ष, (ठिकाण).
विषय: सायलेन्सर बदललेल्या दुचाकीबाबत तक्रार, मोटर वाहन कायदा १९८८, कलम १८२ए(४) व १९०(२).
महोदय, जीए-०३-(पुढील क्रमांक) ही काळ्या रंगाची मोटारसायकल दि. (तारखा) रोजी रात्री १०.३० ते ११.१५ च्या दरम्यान (चौकाचे नाव) येथून (दिशा) कडे मोठा आवाज करत गेली. गाडीचा सायलेन्सर मूळ नाही. (तारीख) रोजी ती (ठिकाण) येथे उभी असतानाचे छायाचित्र आणि नोंदींची प्रत सोबत जोडली आहे. गाडीची तपासणी करून मूळ सायलेन्सर बसवून घ्यावा, योग्य ती कारवाई करावी आणि तिची माहिती मला लेखी कळवावी. माझे नाव गोपनीय ठेवावे, ही विनंती.

शेवटचे वाक्य गाळू नका. आपले वाडे लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि आवाज करणारी गाडी पुष्कळदा चार घरे पलीकडच्या मुलाचीच असते. तक्रार केली की शेजारधर्म तुटेल, ही भीती खरी आहे आणि तिला कमी लेखू नये. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत उघड होणार असेल, तर अशी माहिती नाकारण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जी) मध्ये आहे. त्यामुळे गोपनीयतेची विनंती लेखी असलेली बरी. जमत असेल तर आधी त्या मुलाच्या आईवडिलांशी बोला. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १९९ए खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसते.

भाड्याच्या आणि परराज्यातल्या गाड्या

काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरे म्हणजे रेंट-अ-बाईक. पर्यटक चार दिवसांत निघून जातो, म्हणून अर्ज त्याच्यावर न करता गाडीवर करा. कलम १९०(२) मधले 'चालवू देणे' इथे उपयोगी पडते, आणि गाडी भाड्याने देण्याचा परवाना वाहतूक खात्यानेच दिलेला असल्याने खात्याला दिलेली प्रत इथे जास्त महत्त्वाची. कर्नाटक किंवा महाराष्ट्राच्या प्लेटची गाडी असली तरी चलन गोव्यात कापता येते.

जुनी मोटारसायकल घेणाऱ्यांनीही जपावे. आधीच्या मालकाने बसवलेला सायलेन्सर तुमच्या ताब्यात आल्यावर गाडी चालवणारे तुम्हीच असता. व्यवहाराच्या वेळी मूळ सायलेन्सर मागून घ्या.

एकूण वर्दळीचा आवाज

डेसिबल लागतात ते इथे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. नियम ७ खाली, पातळी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर गेली, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, तर प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. गोव्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे प्राधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, किंवा या कामासाठी नेमलेला, पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. त्यांना दिलेल्या अर्जात साळगाव येथील प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मोजणी करून घेण्याची विनंती करा. मोजणी रात्रीची हवी असेल तर तसे स्पष्ट लिहा, नाहीतर ती कार्यालयीन वेळेत होऊन जाते.

उत्तर आले नाही तर

महिनाभर वाट बघून माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. 'कारवाई का केली नाही' असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'आवक क्रमांक अमुक या अर्जावर आजवर झालेल्या कारवाईच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात' असे मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. त्रास एका ठरावीक जागेचा असेल, उदाहरणार्थ रात्री रस्त्यावरच इंजिने रेटून तपासणाऱ्या गॅरेजचा, तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो.

'हॉर्न वाजवू नये' फलकासाठी

इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो, पण ध्वनिप्रदूषण नियमांतल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसे अधिसूचित केलेले असावे लागते. म्हणून आधी जिल्हाधिकारी कार्यालयात तुमची जागा अधिसूचित आहे का ते विचारा. असेल तर फक्त फलकाची मागणी करा. नसेल तर शाळेचे किंवा इस्पितळाचे पत्र, नगरपालिकेचा किंवा ग्रामसभेचा ठराव, आणि १०० मीटरचा भाग आखलेला नकाशा जोडून अधिसूचनेचीच मागणी करा. ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर तो पंचायतीला आधी लेखी द्या, म्हणजे ठराव इतिवृत्तात येईल आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत मागता येईल.